शुक्रवारचा आलेख

१

आमच्या वर्गात हजेरी पुकारत नसत. दर शुक्रवारी दुपारी दोघा-दोघांनी एकमेकांचे कान तपासायचे, तपासणीचा आलेख आपापल्या फाइलमध्ये लावायचा, आणि तो आलेख म्हणजेच हजेरी. मी कानांच्या तपासणीचं शिक्षण घेत होते. त्यासाठी घर सोडून इतक्या लांब आले होते, की इथे दुपार असायची तेव्हा घरी दिवेलागण होऊन गेलेली असायची.

तपासणीची खोली म्हणजे मोठ्या खोलीत ठेवलेली एक छोटी खोली. जाड दार, आतून बारीक भोकांचे पत्रे, समोर काच. आम्ही तिला डबा म्हणायचो. डब्यात बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं. काचेपलीकडे मशीनवर बसलेली मुलगी बारीक बारीक सूर पाठवते. ऐकू आला की बटण दाबायचं, म्हणजे तिच्यासमोर दिवा लागतो. दार लागलं की बाहेरचं जग संपलं. इतकं संपलं, की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या सगळ्यात धिप्पाड गड्याला आत दरदरून घाम फुटला होता आणि आम्ही त्याला महिनाभर पिडलं होतं.

माझ्या आलेखात डाव्या कानाला एक खड्डा होता. चार हजार हर्ट्झच्या सुरापाशी रेघ खाली जायची आणि पुन्हा वर यायची. लहानपणी शाळा सुटली की मी बाबांच्या छापखान्यात जाऊन बसायची, मशीनच्या अगदी शेजारी, डावी बाजू तिकडे करून. तेवढ्यानेच माझा तेवढा कान गेला. बाबांनी तर तिथे बत्तीस वर्षं काढली. त्यांना आता आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. माझा आवाज मुळातच पातळ, फोनवर आणखी पातळ. दर रविवारी मी घरच्या तारेच्या फोनवर फोन करायची आणि अर्धा वेळ ते "काय? काय म्हणालीस?" करत राहायचे. आई गेल्यापासून त्या घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. कानाचं मशीन लावून घ्या म्हटलं तर ठाम नाही म्हणायचे. "परक्याने कानात बोट घातलेलं मला चालत नाही. तू शिकून ये. तूच लाव." मी इथे आले होते ती एवढ्यासाठी. निदान मी सगळ्यांना तसंच सांगायची.

पण माझ्या पायाला भिंगरी. आजवर कुठली सुट्टी मी घरात काढली नव्हती आणि इथे तर सगळा देश नवा. लांबच्या गाड्या गुरुवारी संध्याकाळी सुटायच्या आणि रविवारी सकाळी परत यायच्या. मधला शुक्रवार आडवा यायचा. चार शुक्रवार चुकले तर कॉलेज व्हिसाच्या कचेरीला कळवणार आणि मग आपण सामान बांधायचं, असा नियम होता. आता आपल्याकडच्या कॉलेजात पाच वर्षं काढलेल्या माणसाला असल्या नियमाचं काय वाटणार? प्रॉक्सी मारणं आमच्या हाडीमाशी खिळलेलं. माझ्या खोलीत राहणारी मुलगीही आपल्याकडचीच. वयाने माझ्याहून दोन महिने लहान, पण सारखी "स्वेटर घातलास का, जेवलीस का", म्हणून आम्ही तिला मावशी म्हणायचो. तपासणीत माझी जोडीदारीण तीच. कान काही आठवड्या-आठवड्याला बदलत नाहीत. मावशी माझ्या जुन्या आलेखावरून नवा भरायची, खड्ड्यासकट, आणि फाइलला लावून टाकायची. असे तीन शुक्रवार निघाले. त्या तीन शुक्रवारांत मी एक समुद्र, एक किल्ला आणि बर्फाने भरलेलं एक आख्खं गाव पाहिलं.

"शुक्रवारचा क्लास झाला ना गं?" बाबा रविवारी विचारायचे.

"झाला, बाबा."

"काय?"

"झाला!"

एकच खोटं दोनदा बोलावं लागायचं, त्याची तेवढी लाज वाटायची.

२

चौथ्या सहलीवरून परतले तेव्हा मावशी दोन पांघरुणांत गुरफटून पडली होती.

"परवाचा आलेख लावलास ना?" मी बूट काढता काढता विचारलं.

"कसला आलेख? गुरुवारपासून ताप आहे मला. मी खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही."

"अगं, मग सांगायचंस ना मला."

"सांगायचंस काय? तुझा फोन लागत होता का त्या डोंगरात?"

खरं होतं ते. तरी मी तिला दोन गोष्टी बोलून घेतल्या आणि मग स्वतःच खाटेवर बसून राहिले. माझा हिशेब सोपा होता. मावशीने भरलेले तीन आता कुणी नीट पाहिले तर तेही उघडे पडणार आणि चौथा तर नाहीच. बाबांना काय सांगायचं, याची मी वाक्यंसुद्धा तयार करायला लागले आणि त्या रविवारी फोन करायचाच राहिला.

सोमवारी सकाळी वर्ग उघडायच्या आधी जाऊन मी माझी फाइल काढली. चौथ्या शुक्रवारचा आलेख फाइलमध्ये होता. तारीख बरोबर. खाली माझी सही, आणि सहीखाली मी देते ती दोन टिंबं. तपासणाऱ्याच्या जागी मावशीची नव्हे, आमच्या प्राध्यापकबाईंची सही होती. आणि डाव्या कानाची रेघ सरळ होती. खड्डा नव्हता.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला कळलं नाही. आधी पायांचा आवाज, मग माणूस, असा माझा क्रम असतो. त्या दिवशी चुकला.

"हेच विचारायचं होतं तुला," त्या म्हणाल्या. "तुझी जोडीदारीण आजारी, म्हणून मीच तपासलं तुला. डावा कान दोनदा घेतला. मशीनही तपासून घेतलं. मशीन ठीक आहे."

मी फाइल मिटली.

"आवाजाने गेलेला कान परत येत नाही. हे मी तुम्हाला पहिल्या तासाला शिकवलं आणि आता तूच मला खोटं पाडतेस." त्या हसल्या. "आणखी एक. तीन-चार वेळा मी सूर पाठवायच्या आधीच दिवा लागला. अंदाजाने बटण दाबू नकोस."

"सॉरी, मॅडम," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? ती मी नव्हते, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग तू कुठे होतीस? मी आपलं तोंड शिवून घेतलं आणि दिवसभर मनाची समजूत घालत राहिले. बाईंच्या वर्गात आमच्यासारख्या सावळ्या, एक वेणी घालणाऱ्या चौघी. त्यांना आम्ही सगळ्या सारख्याच दिसत असणार. दुसऱ्या कुणाचा तरी आलेख माझ्या फाइलला लागला असेल. सहीचं काय, ते मात्र मला सुचलं नाही. सहीचा विचार मी नंतर करायचं ठरवलं. अडचणीचे विचार मी नेहमीच नंतरसाठी ठेवते.

३

पुढच्या गुरुवारी मी गाडीचा नाद सोडला आणि शुक्रवारी शहाण्या मुलीसारखी वर्गात गेले. मावशीचा ताप उतरला होता. ती मशीनवर बसली, मी डब्यात. दार लागलं.

आतली खुर्ची गरम होती. माझ्याआधी बाकीच्या मुली येऊन बसून गेल्या होत्या, त्यात नवल काही नाही, असं मी मला सांगितलं. हेडफोन लावले तर कानांवरच्या गाद्याही गरम.

उजव्या कानाचे सूर झाले. डाव्याचे सुरू झाले. एक सूर आणि दुसरा सूर यांच्यामध्ये जी रिकामी जागा असते, तिच्यात मला काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं रक्त वाहतंय. डब्यात तेही ऐकू येतं. मग शब्द कळायला लागले.

"जेवलात का?"

आवाज माझा होता. मी ध्वनिमुद्रणात ऐकते तसा नव्हे, तर बोलताना माझा मला आतून ऐकू येतो तसा, थोडा जाड, उबदार. मध्ये थांबून कुणाचं तरी ऐकत होता तो. मग, "नाही हो, भात मी रोज करते." पुन्हा थांबला. मग हसला.

मी हेडफोन ओरबाडून काढले. काचेपलीकडे मावशी चकित होऊन बघत होती. दार उघडून तिने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"तू माइकवरून बोललीस?"

"माइक बंद आहे. हे बघ." तिने दाखवलं. बंदच होता. "आणि मी काय बोलणार? मध्ये बोललं तर आलेख बिघडत नाही का?"

"कुणीतरी मराठीत बोलत होतं."

मावशीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "माझा ताप तुला लागलाय बहुतेक," ती म्हणाली आणि मला तसंच पुन्हा आत बसवलं. त्या दिवशी आलेखात खड्डा नेहमीच्या जागी आला. बाईंनी तो पाहिला, मागच्या शुक्रवारच्या आलेखाशेजारी धरला आणि मागचाच जास्त वेळ बघत राहिल्या.

एकाकी राहणाऱ्या माणसाला असं ऐकू येतं, हे आम्हाला पुस्तकात होतं. मेंदूला शांतता सहन होत नाही, तो स्वतःच काहीतरी भरत राहतो. मी ते पान काढून दोनदा वाचलं. त्यात सगळं बसत होतं. फक्त ते हसणं बसत नव्हतं. बाबांच्या एखाद्या फुटकळ विनोदावर मी हसते, अगदी तसं ते होतं, आणि त्याआधीचा विनोद मला ऐकू आला नव्हता.

४

रविवारी मी वेळेच्या आधीच फोन लावला.

"आज लाइन खराब आहे काय गं?" बाबा म्हणाले. "नीट कळत नाहीये. शुक्रवारी कसं स्वच्छ बोललीस."

"शुक्रवारी?"

"काय?"

"शुक्रवारी म्हणालात का?"

"हां, शुक्रवारी. दोन्ही शुक्रवारी." त्यांचा आवाज बदलला. छापखान्यातून पुस्तकाची पहिली प्रत घरी आणायचे तेव्हा असा व्हायचा. "शब्दन्‌शब्द कळला मला. एकदासुद्धा परत विचारावं लागलं नाही. तू म्हणालीस ना, त्या तुमच्या डब्यातून बोलतेय म्हणून? तिथून कर ना नेहमी. तुला सांगू? फोन ठेवला आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. रडायला आलं. तुझी आई गेली त्यानंतर कुणी इतका वेळ माझ्याशी बोललंच नव्हतं."

इथे काय बोलायला हवं होतं, ते मला ठाऊक आहे. मी ते बोललेसुद्धा.

"बाबा, ती मी नव्हते."

"काय?"

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते कान देऊन, जीव लावून ऐकत होते. पुन्हा एकदा, मोठ्याने, शब्द सुटे करून सांगायचं होतं फक्त. चार शब्द होते.

"काही नाही," मी म्हणाले. "जेवलात का?"

"काय?"

त्या रात्री मी मावशीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, कारण ती तशीच आहे, आणि मग म्हणाली, "मॅडमना सांगितलंस तर पुढच्या विमानाने घरी. नाही सांगितलंस तर वेड लागेल. त्यापेक्षा एक कर. शुक्रवारी उशिरा ये. मी मशीनवर असेन. कुणी आलंच तर मी बघेन ना."

मला ते पटलं. निम्मी भीती तिथेच गेली.

५

शुक्रवारी मी वीस मिनिटं उशिरा गेले. भर दुपार होती. जिन्यात ऊन आलं होतं, कुणीतरी फरशी पुसत होतं, सगळं रोजच्यासारखं. तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मावशी माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसली होती. तिचा एक हात सूर कमी-जास्त करायच्या चकतीवर होता, दुसऱ्या हाताने ती आलेखावर खुणा करत होती. तिच्यासमोरचा दिवा लागत होता, विझत होता, लागत होता.

मी आत आले. माझ्या बुटांचा आवाज झाला असावा, कारण मागे न बघताच तिने इथल्या भाषेत सांगितलं, "कृपया दार उघडू नका. तपासणी चालू आहे." परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने.

"मावशी," मी हळूच म्हणाले.

तिने मान वळवली नाही. ती काचेतून आत बघून हसली आणि पुढचा सूर पाठवला.

मी बाजूने डब्याच्या दारापर्यंत गेले. तिथून काच तिरपी दिसते. आतला पत्रा, खुर्चीची पाठ, त्यावरून खाली आलेली एक वेणी. खांद्याचा थोडा भाग. मान डावीकडे झुकलेली, तारेचा फोन खांद्यावर धरून बोलताना झुकते तशी. ओठ हलत होते. दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक गुंतवून, मोकळे. बटण खाली जमिनीवर पडलं होतं. आणि दिवा लागत होता, विझत होता.

मी दाराची मूठ धरली. तिला बारीक थरथर होती. बोलणाऱ्या माणसाच्या छातीवर हात ठेवला तर लागते तशी. आत ती बोलत होती, आणि कुठल्या कुठे, संध्याकाळ उलटून गेलेल्या एका घरात, बाबा खुर्ची फोनजवळ ओढून बसले असणार. एकदाही "काय?" न म्हणता. मूठ खाली दाबली तर दार उघडणार, आवाज तुटणार, आणि ते "हॅलो, हॅलो" करत राहणार. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मूठ सोडली ती भीतीने नव्हे. त्यांचं ते "शब्दन्‌शब्द कळला" माझ्या डोक्यातून जाईना.

मनाशी म्हटलं, असू दे. वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. मी शिकेन, घरी जाईन, माझ्या हाताने त्यांच्या कानात मशीन बसवीन. मग ते माझं ऐकतील. तोवर शुक्रवार तिचा, रविवार माझा.

असा सौदा मी मनातल्या मनात केला आणि पाय न वाजवता बाहेर आले. संध्याकाळी मावशी खोलीवर आली ती माझ्यावर खूश होती. "आज किती छान बसलीस गं," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या भुताचं काय झालं? आलंच नाही ना कुणी?"

मी नाही म्हणाले. फाइलमधला आलेख मी पाहायला गेले नाही.

६

रविवारी बाराच्या ठोक्याला मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग बाबांनी उचलला.

"हॅलो," मी म्हणाले. "बाबा, मी."

"आपण कोण?"

बाबांनी मला आयुष्यात कधी आपण म्हटलं नव्हतं. चिडले तरी नाही, थट्टेतसुद्धा नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी खिडकी लावून घेतली, फोन तोंडाजवळ धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाबा. मी बोलतेय. तुमची मुलगी."

"मुलगी? हो, आहे ना. एकच आहे. परदेशात शिकते, कानांची डॉक्टर होणार आहे." ते आनंदाने सांगत होते, दुकानात एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "शुक्रवारी फोन असतो तिचा. परवा म्हणाली, बाबा, रविवारी येतो तो फोन माझा नसतो. मला काही ते पटलं नव्हतं. म्हटलं, असं कसं होईल? पण आता ऐकतोय ना मी, तर खरंच, तिचा आवाज नाही हा."

"बाबा, तिचं ऐकू नका. मीच आहे. मी दरवेळी खोटं सांगत होते तुम्हाला, मी क्लासला जातच नव्हते, मी—"

"हळू, हळू. मला कमी ऐकू येतं हो." माझा हुंदका मात्र त्यांना ऐकू आला असावा. "रडताय की काय?"

मी बाहीने डोळे पुसले.

"रडू नका," बाबा म्हणाले. फार मायेने म्हणाले. "मी रागावलो नाही. लांबून फोन करताय, चुकतो एखादा आकडा. तुमचेही वडील घरी फोनपाशी बसले असतील. वाट बघत असतील. आता नीट बघून लावा त्यांना."

"हो," मी म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.